म्हैस माजावर आली? फोन करताना वेळ सांगा

"सकाळी फोन केला आणि तुम्ही उगवला संध्याकाळी, मग म्हैस उलटणार नाही तर काय?" हे आम्हा कृत्रिम रेतन करणाऱ्यांना सारखं ऐकावं लागतं. (उलटणं म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर येणं.) म्हणून हा कागद.

जनावर गाभण नसेल तर साधारण 21 दिवसांनी माजावर येतं. 18 ते 24 दिवसांत कधीही धरा. माज टिकतो 12 ते 18 तास, म्हशीत कधी दिवसभर. पण स्त्रीबीज सुटतं ते माज ओसरल्यावर, आणखी 10-12 तासांनी. गोठवलेल्या रेतातले शुक्राणू पोटात जेमतेम एक दिवस तग धरतात. घाईने रेत भरलं तर बीज सुटेपर्यंत ते संपलेले असतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उशिरा येतो तो हिशेबानेच येतो.

हिशेब चुकतो तो फोनवर. "म्हैस आलीय, या" एवढंच सांगून फोन ठेवतात. प्रत्यक्षात ती आदल्या रात्री 10 पासून रेकत असते. डेअरीला दूध घालून, वैरण टाकून, सकाळी 8 ला आम्हाला कळवलं जातं. आम्ही सकाळचा माज समजून संध्याकाळी 7 ला पोचतो, तोवर 21 तास झालेले. मग कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) खराब होती म्हणायचं! पहिलं लक्षण कधी दिसलं, तेवढं सांगा. नक्की आठवत नसेल तर "रात्री झोपताना शांत होती" असं सांगितलं तरी आम्हाला पुरतं.

म्हशीचा माज मुका, म्हणजे लक्षणं फारशी दिसत नाहीत, त्यात उन्हाळ्यात तर विचारूच नका. गाईसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) लोंबताना दिसेलच असं नाही. म्हैस बसली की तो खाली पडतो. पहाटे शेण ओढायच्या आधी तिच्या बसल्या जागेवर मागच्या बाजूला बघा. काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट असेल तर माज आहे. एकदा पाणी मारलं की काही कळत नाही. दूध एकदम कमी आलं, थोडं थोडं मुतायला लागली, तरीही लक्ष ठेवा.

गाईच्या शेपटीला लाल दिसलं म्हणून धावपळ करू नका. बहुतेक वेळा माज दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेला असतो. माजाची तारीख लिहा आणि 18 व्या दिवसापासून गोठ्यात लक्ष द्या.

कांडी उणे 196 अंशांवर नायट्रोजनमध्ये असते. वितळवायला कोमट पाण्यात एकदा सोडली की परत ठेवता येत नाही. तेव्हा मधेच म्हैस रेड्याकडे नेलीत तर आम्ही निघायच्या आधी कळवा.

मुऱ्हा आणि पंढरपुरी, दोन्ही कांड्या आमच्याकडे असतात. गाईसाठी कालवडच हवी असेल तर तशी निवडलेली कांडीही मिळते. दहात साधारण नऊ कालवडी, दर अर्थातच जास्त. तिसऱ्या महिन्यात गाभण तपासणी आमच्याकडूनच करून घ्या, तिचे वेगळे पैसे नाहीत. दिवाळीच्या सुमारास म्हशी जास्त माजावर येतात आणि फोनही वाढतात. पाडव्याला प्रथेप्रमाणे म्हैस पळवायची असेल तर रेतन केलेल्या दिवशी तरी पळवू नका. आम्ही येईपर्यंत तिला सावलीत बांधून ठेवा. कोमट पाणी आम्ही थर्मासमधून आणतो.