ग्रेच्या पुस्तकाचा चित्रकार आणि मुंबईचा उलटणारा ताप

लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर मानेचे स्नायू काढायचे, तेही उलटे. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे, म्हणजे छापल्यावर सुलटं यावं. 1856-57 च्या सुमाराला लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे काम करत होता. वडील चित्रकार, त्यामुळे हात घरचाच. तो आणि हेन्री ग्रे मिळून बेवारस गरिबांच्या मृतदेहांचं विच्छेदन करत. मजकूर ग्रेचा, चित्रं कार्टरची. त्यातूनच 1858 साली शरीररचनेचं पाठ्यपुस्तक 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' आलं, 363 चित्रांसह.

तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रातल्या भागांवर अक्षरं किंवा आकडे असत आणि नावांची यादी खाली. विद्यार्थ्याची नजर सारखी वरखाली. कार्टरने स्नायूचं नाव स्नायूवरच, त्याच्या तंतूंच्या दिशेने लिहिलं. धमनीचं नाव धमनीच्या वळणाने. नकाशात नदीचं नाव नदीच्या काठाने वळत जातं, अगदी तसं. माझ्या मते ते पुस्तक टिकलं त्यात या एका युक्तीचा मोठा वाटा आहे. कार्टरला मात्र एकरकमी दीडशे पौंड मिळाले. शीर्षकपानाच्या कच्च्या प्रतीवर ग्रेने त्याचं नाव लहान अक्षरांत छापायला सांगितलं, आणि त्याचं नवं प्राध्यापकपदही खोडलं.

ते पद होतं आपल्या मुंबईत. इंडियन मेडिकल सर्व्हिसची, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या सेवेची परीक्षा देऊन 26 वर्षांचा कार्टर 1858 च्या मार्चमध्ये मुंबईला उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागला. पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा तो इथे जे.जे. हॉस्पिटलमध्ये रुग्ण तपासत होता. ग्रे 1861 मध्ये देवीने गेला, वय अवघं 34. कार्टरची तीस वर्षं या मुलखात गेली.

इथे त्याच्यासमोर आलेले पाय पाहा. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळव्यात काटा मोडतो, जखम भरते, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाऊल सुजायला लागतं. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस चालत राहतो. मग ठिकठिकाणी छिद्रं पडतात आणि त्यांतून पाण्यासारख्या स्रावाबरोबर दाणे येतात: कुणाचे मोहरीसारखे काळे, कुणाचे खसखशीसारखे फिकट. मदुराईकडे हा आजार आधी नोंदला गेला होता, म्हणून 'मदुरा फूट'. कार्टरने कापलेली पावलं उघडून ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि बुरशीचे तंतू दाखवले. 'मायसेटोमा' हे नावही त्याचंच. पुढे कळलं की फिकट दाण्यांच्या पुष्कळ रुग्णांत बुरशी नसते, तंतूंसारखे वाढणारे जीवाणू असतात, आणि त्यांचा उपचार वेगळा असतो. दाण्यांच्या रंगाची त्याने केलेली नोंद म्हणूनच अजून उपयोगी पडते.

1863 पासून सुमारे नऊ वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कुष्ठरोगात बोटं बधिर का होतात, याचं उत्तर त्याने विच्छेदनात शोधलं: मज्जातंतू जाड होऊन निकामी झालेले दिसले. रजेवर असताना तो नॉर्वेत बर्गनला जाऊन तिथली कुष्ठरोगाची रुग्णालयं पाहून आला. रुग्णांना वेगळं ठेवावं, असं मत त्याने सरकारपुढे मांडलं. इथे मला त्याच्याशी सहमत होता येत नाही. वेगळं काढलेल्या माणसांच्या वाट्याला आपल्याकडे काय आलं, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे.

मग 1876 चा दुष्काळ आला. दख्खनेतली उपाशी माणसं मुंबईत लोटली आणि 1877 मध्ये एक विचित्र ताप पसरला. पाच-सात दिवस फणफणतो, घाम फुटून एकदम उतरतो, माणूस उठून बसतो, आणि आठवड्याभरात ताप पुन्हा उलटतो. कार्टर तेव्हा मुंबईतल्या गोकुळदास तेजपाल (जी.टी.) हॉस्पिटलमध्ये होता. बोटातून काढलेला ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तो बघत बसायचा. तांबड्या पेशी मध्येच हलतात, ढकलल्या जातात, आणि त्यांच्यामधून बारीक, स्क्रूसारखा पिळलेला धागा वळवळत निघतो. ओबरमायर या डॉक्टरने बर्लिनमध्ये असे जंतू आधी पाहिले होते. भारतात ते रक्तात दाखवले कार्टरने. ताप असताना ते असत, उतरला की गायब. माकडांना ते रक्त टोचून त्याने त्यांनाही ताप आणून दाखवला. स्वतःलाही तो ताप झाला. तरीही 1882 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ पुरा केला.

ताप का उलटतो, हे खूप नंतर समजलं. जंतूच्या बाह्य आवरणावरचं प्रथिन बदलत राहतं. शरीर एका वेशातल्या जंतूंना ओळखून मारतं, तेव्हा ताप उतरतो. तोवर वेश बदललेले थोडे उरतात, वाढतात आणि पुन्हा ताप चढतो.

तो पसरतो कसा, हे कोडं मात्र कार्टरला सुटलं नाही. ते सुटलं 1907 मध्ये नाशिकला, एका मिशनच्या वसतिगृहात. मॅकी या लष्करी डॉक्टरला दिसलं की मुलांमध्ये ताप जास्त आहे, मुलींमध्ये कमी. आणि मुलांच्या कपड्यांत उवाही जास्त आहेत. उवांच्या पोटात त्याला तेच पिळलेले धागे सापडले. दुष्काळात एकाच फाटक्या कपड्यावर दाटीवाटीने झोपणाऱ्यांना हा ताप का गाठत होता, याचा उलगडा तिथे झाला. कार्टर त्याआधी दहा वर्षं, 1897 मध्ये, इंग्लंडमध्ये स्कारबरोला क्षयाने वारला होता. भारतातल्या या जंतूला पुढे नाव दिलं गेलं, तेही त्याचंच: कार्टरी.