टिपणवहीतील फायलींचे एआय-विश्लेषण

नोट्स अ‍ॅपमध्ये साठवलेली टिपणे, पीडीएफ, तक्ते, छायाचित्रे किंवा ध्वनिमुद्रणे एआय साहाय्यकाकडून वाचून घेणे, त्यांवर प्रश्न विचारणे, सारांश काढवणे आणि निरनिराळ्या टिपणांतील संबंध वा विसंगती हुडकणे, या कामासाठी येथे ही संज्ञा योजली आहे. शब्दशोधाहून ते वेगळे आहे. शब्दशोध वाचकाला टिपणापाशी नेऊन सोडतो आणि वाचायचे काम त्याच्याकडेच राहते. विश्लेषणात साहाय्यक टिपण वाचतो व उत्तर स्वतःच्या वाक्यांत रचतो. उत्तर रचलेले असते, उतरवलेले नसते. पुढे आलेल्या बहुतेक तांत्रिक प्रश्नांचे मूळ यातच आहे.

उगम : या पद्धतीचा उगम कोठे धरावा याविषयी तीन मते मांडता येतात. पहिल्या मताप्रमाणे तो व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याच्या ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्रात आहे. ‘द अटलांटिक मंथली’च्या जुलै १९४५ च्या अंकात बुश यांनी त्याचे वर्णन केले. माणसाची पुस्तके, पत्रे आणि टिपणे मायक्रोफिल्मवर साठवणारे हे एक मेज होते. वाचकाने दोन नोंदी एकमेकींशी जोडाव्यात आणि अशा जोडण्यांचे माग कायम राहावेत, ही त्यामागची कल्पना. मात्र मेमेक्समध्ये जोडणी माणूसच करतो, यंत्र काही वाचत नाही. त्यामुळे २०१९-२० च्या सुमारास पुढे आलेल्या रोम रिसर्च, ऑब्सिडियन यांसारख्या, टिपणांमधील दुव्यांवर आधारित अ‍ॅपचा पूर्वज म्हणून मेमेक्स शोभतो. विश्लेषणाचा पूर्वज म्हणताना अडचण येते.

दुसरे मत चिठ्ठ्यांच्या पेटीकडे बोट दाखवते. वाचनातले उतारे सुट्या चिठ्ठ्यांवर घेऊन हव्या त्या क्रमाने लावण्याची रीत स्विस विद्वान कोनराड गेस्नर यांनी सोळाव्या शतकात वर्णिली होती. विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह उभा केला आणि १९८१ च्या एका निबंधात या पेटीला संवादातील जोडीदार मानले. टिपणसंग्रहाला प्रश्न विचारावा आणि त्याने आपल्याला अनपेक्षित असे काही दाखवावे, ही अपेक्षा इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच मांडली गेली असेल.

तिसरे मत माहिती-शोधाच्या शास्त्राचे आहे. जेरार्ड सॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दस्तऐवजाला संख्यांच्या रांगेचे, म्हणजे सदिशाचे रूप दिले. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दुर्मीळ शब्दाला अधिक भार देण्याचे तत्त्व मांडले. आजच्या साहाय्यकाच्या यंत्रणेची अंगे सुटी करून पाहिली, तर ती याच परंपरेतून आलेली दिसतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत तिसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे. पहिल्या दोहोंकडे प्रेरणेचा वाटा राहतो.

सध्याच्या रूपाचा आरंभ बहुधा २०२२ ची अखेर ते २०२३ चा मध्य या काळात ठेवावा लागेल. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी खुले झाले. नोशन या टिपण-अ‍ॅपने आपला एआय साहाय्यक त्याच महिन्यात चाचणीसाठी जाहीर करून फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वांना दिला. गूगलने मे २०२३ मध्ये ‘टेलविंड’ या नावाने दाखवलेला प्रकल्प जुलैमध्ये ‘नोटबुकएलएम’ झाला. वापरणाऱ्याने दिलेल्या फायलींपुरतेच उत्तर बांधून ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य. छायाचित्रातील अक्षरे ओळखून शोधण्याची सोय एव्हरनोट या टिपण-अ‍ॅपमध्ये २००८ च्या सुमारासच होती, परंतु तिला विश्लेषण म्हणता येणार नाही.

कार्यपद्धती : फायली थोड्या असतील तर त्यांचा सगळा मजकूर प्रश्नासोबत मॉडेलला, म्हणजे साहाय्यकामागच्या भाषा-यंत्रणेला, दिला जातो. संग्रह मोठा असेल तर आधी उपयुक्त भाग शोधून तेवढेच पुढे ठेवावे लागतात. या दुसऱ्या रीतीला २०२० मध्ये पॅट्रिक लुईस व सहकाऱ्यांच्या संशोधनलेखापासून ‘रॅग’ (रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन, म्हणजे शोधाच्या आधारे उत्तररचना) हे नाव मिळाले. त्या लेखात विकिपीडियातील उतारे शोधून मॉडेलला पुरवले होते. टिपणवहीत विकिपीडियाच्या जागी स्वतःची टिपणे येतात, आणि हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही.

रॅगमध्ये प्रत्येक फाइलचे काहीशे शब्दांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचे शेकडो वा हजारो मितींच्या सदिशात रूपांतर होते. याला एम्बेडिंग म्हणतात. प्रश्नाचाही सदिश काढून त्याच्या सर्वांत जवळचे मोजके तुकडे निवडले जातात आणि मॉडेल त्यांवरून उत्तर लिहिते. विश्वकोशातला वा पाठ्यपुस्तकातला परिच्छेद परक्या वाचकासाठी लिहिलेला असल्याने तुकडा तुटला तरी बऱ्याच अंशी अर्थ टिकतो. टिपण माणूस स्वतःसाठी लिहितो. ‘ते रद्द, पुढच्या वेळी बघू’ या ओळीतील ‘ते’ काय हे शीर्षकात असते, फाइलच्या नावात असते किंवा फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. तुकडा पाडताना शीर्षक सुटले की ओळ निराधार होते. म्हणून चांगल्या यंत्रणा प्रत्येक तुकड्याला फाइलचे नाव, शीर्षक आणि तारीख जोडून ठेवतात व लगतच्या तुकड्यांत थोडा मजकूर सामाईक ठेवतात. टिपण लिहितानाच विषयाचे नाव आणि पूर्ण तारीख घालण्याची सवय या साऱ्या तांत्रिक उपायांहून अधिक उपयोगी पडते.

सदिशांच्या जवळिकीला आणखी एक मर्यादा आहे. ‘प्रस्ताव मंजूर झाला’ आणि ‘प्रस्ताव मंजूर झाला नाही’ ही वाक्ये तिच्या दृष्टीने शेजारी असतात. विशेषनामे, क्रमांक आणि खासगी संक्षेप यांच्या बाबतीतही ती कच्ची पडते. तेथे जुना शब्दशोध सरस ठरतो आणि म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते.

‘सगळ्या टिपणांत मिळून किती वेळा’ या जातीचे प्रश्न स्वतंत्र विचार मागतात. साठ टिपणांत एखादा विषय आला असेल आणि शोधाने दहाच तुकडे पुढे ठेवले असतील, तर साहाय्यक दहांची गणती करून निश्चिंतपणे सांगतो. उत्तर वाचताना चूक जाणवत नाही, हे विशेष घातक आहे. अशा कामात प्रत्येक फाइल क्रमाने वाचून घेणे किंवा मोजणीसाठी साहाय्यकाकडून छोटा प्रोग्रॅम लिहवून तो फायलींवर चालवणे योग्य. तक्त्यांतील बेरीज-सरासरीलाही हेच लागू आहे.

मॉडेलची एकावेळी वाचण्याची क्षमता झपाट्याने वाढली : २०२० च्या जीपीटी-३ मध्ये २,०४८ टोकन (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते तो शब्द वा शब्दाचा अंश), मे २०२३ मध्ये क्लॉडची १,००,०००, फेब्रुवारी २०२४ मध्ये जेमिनी १.५ ची दहा लाखांपर्यंत. त्यामुळे तुकडे पाडण्याची गरज संपली असे काहींचे मत झाले. मात्र २०२३ मधील एका अभ्यासात, लांब मजकुराच्या आरंभी व शेवटी असलेली माहिती मॉडेलला चांगली सापडते आणि मधली अनेकदा निसटते, असे आढळले होते. पुढची मॉडेले यात सुधारली. तरी हवे तेवढेच देणे अजूनही हितावह दिसते. देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय अक्षर-संकेतात तीन बाइट घेते आणि अनेक मॉडेलांत तितक्याच आशयाला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेताच्या आधीच्या फाँटांत तयार झालेल्या पीडीएफचा प्रश्न याहून बिकट आहे : पडद्यावर अक्षरे नीट दिसतात, पण आतला मजकूर साहाय्यकाला निरर्थक रोमन चिन्हे म्हणून मिळतो. अशी फाइल चित्र म्हणून वाचवून घ्यावी लागते.

साठवण आणि परवानगी : ऑब्सिडियनसारखी अ‍ॅप टिपणे मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फायलींत ठेवतात, त्यामुळे बाहेरचा कोणताही साहाय्यक ते फोल्डर थेट वाचू शकतो. नोशनसारख्या सेवांत मजकूर सेवेच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये असतो आणि सेवेने दिलेल्या वाटेनेच आत जावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने प्रसिद्ध केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा अशा वाटांना समान रूप देण्याचा प्रयत्न आहे. मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नसल्यास स्वतःच्या संगणकावर चालणारी लहान मॉडेले वापरतात. त्यांची उत्तरे सहसा उणी असतात.

पडताळणी : उत्तरातील विधानाशेजारी मूळ टिपणाचा दुवा देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. दुवा आहे म्हणजे आधार आहे, असे मात्र होत नाही. दाखवलेल्या टिपणात ते विधान नसल्याची उदाहरणे आढळतात. ज्या उत्तरावर पुढे काही अवलंबून असेल त्याचे मूळ टिपण उघडून वाचावे, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे. टिपणे आपली असली की त्यांवरून रचलेले उत्तरही आपल्या आठवणीसारखे वाटू लागते आणि परक्या मजकुराबाबत घेतली जाणारी सावधगिरी गळून पडते.

वेबवरून कापून ठेवलेल्या पानांचा धोका निराळा आहे. त्यांत साहाय्यकाला उद्देशून दडवलेली सूचना असू शकते, आणि साहाय्यक ती वापरणाऱ्याचीच समजून पाळू शकतो. या अप्रत्यक्ष प्रॉम्प्ट-घुसखोरीचे प्रयोग २०२३ पासून प्रसिद्ध झाले असून पूर्ण उपाय सापडलेला नाही. त्यामुळे केवळ विश्लेषण करवायचे असेल तेव्हा साहाय्यकाला वाचनाचीच परवानगी देतात; टिपणे बदलण्याची वा पुसण्याची परवानगी द्यायची झाल्यास संग्रहाची प्रत आधी वेगळी काढून ठेवतात.