आलेखावरील बिंदुनिवड

आलेखावरील बिंदुनिवड : अनेक रेषांच्या आलेखात माऊसने हवे ते बिंदू निवडून त्यांचे आकडे प्रोग्रॅममध्ये आणण्याची रीत. यातली ‘ब्रशिंग’ (माऊस ओढून बिंदू रंगवून निवडणे) ही संज्ञा बेकर आणि क्लीव्हलंड यांच्या १९८७ च्या लेखामुळे रुळली.

उदाहरणार्थ, बडोद्यात पावसाचा जोर वाढला की मराठी घरांतही ‘आजवा किती फुटांवर?’ आणि ‘काळ्या घोड्याला पाणी किती?’ हे दोन प्रश्न ठरलेले. आजवा सरोवर दोनशे दहा फुटांच्या पुढे, तर काळा घोडा पुलाशी विश्वामित्री नदीची धोक्याची खूण २६ फुटांवर. म्हणून दोन्हींची पहिल्या दिवसाच्या पातळीपासून मोजलेली चढ-उतार एका आलेखात घेतली, तरच रेषा शेजारी येतात. मग पुराच्या रात्रीभोवती चौकट ओढायची. इथवर सगळे सोपे.

चौकटीला मात्र रेषा कळत नाही. दोन्हींचे बिंदू तिच्यात सापडतात. मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीत प्रत्येक रेषेला स्वतःचा ‘ब्रशडेटा’ असतो. रेषेत जितके बिंदू तितके आकडे, न निवडलेल्या जागी शून्य. हीच गाळणी त्या रेषेच्या एक्सडेटा-वायडेटाला (आडव्या-उभ्या अक्षांवरच्या आकड्यांना) लावली की निवडलेले बिंदू हाती येतात. ब्रश फिरवलाच नसेल तर ही यादी रिकामीही असते, ते आधी तपासावे.

खरा घोटाळा क्रमाचा. मॅटलॅबच्या ‘फाइंडऑब्ज’ या आज्ञेने रेषा मागवल्या की शेवटी काढलेली रेषा सहसा पहिली मिळते. आजव्याचे फूट विश्वामित्रीच्या खात्यात जमा होतात आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. रेषा काढतानाच तिला ‘डिस्प्लेनेम’ म्हणजे स्वतःचे नाव द्यावे आणि त्यावरूनच ओळखावी.

पायथॉन भाषेच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या संचात ‘पिक’ घटना (बिंदूवर क्लिक झाल्याची सूचना) रेषा आणि बिंदूंचे क्रमांक दोन्ही सांगते. बिंदू दाट असतील तर एका क्लिकवर चार-पाच क्रमांकही येतात. त्यातलाच ‘लॅसो’ फक्त ओढलेल्या फासाचा मार्ग देतो, आत काय आले ते प्रत्येक रेषेसाठी वेगळे तपासावे लागते. ‘जीइनपुट’ तर नुसती क्लिकची जागा देतो. जवळचा बिंदू मग आपणच शोधायचा, आणि तोही पडद्यावरच्या अंतराने. आडव्या अक्षावर तास आणि उभ्यावर फूट असताना त्यांची थेट बेरीज-वजाबाकी निरर्थक ठरते.

दोन्ही ठिकाणच्या नोंदी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असतील, तर एका रेषेचा चाळिसावा बिंदू दुसरीच्या चाळिसाव्याशी जोडू नये. वेळ पाहून जुळवावा.