पावसाळ्यात ब्लोअर बंद करण्यापूर्वी हे वाचा

(मालवण, तारकर्ली, देवबाग इथल्या आमच्या होमस्टे आणि हॉटेल ग्राहकांसाठी)

मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, पाहुणे यायचे थांबतात आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, तोही बंद केला जातो. "खोल्याच रिकाम्या, मग हवा कोणासाठी सोडायची?" हे आम्हाला दरवर्षी ऐकावं लागतं. मग दिवाळीच्या तोंडावर फोन येतो: वास मारतोय, उद्या पाहुणे येतायत, आजच या. आम्ही येतो. पण काम त्या दिवशी होत नाही, आणि कितीही माणसं लावली तरी होणार नाही.

टाकीतली घाण खातात ते जिवाणू. ब्लोअर बंद झाला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. मग हवेविना जगणारे जिवाणू माजतात, हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचा तपकिरी गाळ काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. चांगला गाळ पुन्हा धरायला दोन ते चार आठवडे लागतात. शेण-गूळ टाकून दोन दिवसांत प्लांट चालू करून देतो म्हणणारे भेटतील. शेणाने सुरुवात होते, पण तेवढ्यावर सीझन निघत नाही. आम्ही दुसऱ्या चालू प्लांटमधला जिवंत गाळ आणून घालतो. त्याचे पैसे वेगळे का लावता, असं विचारलं जातं; तो गाळ टँकरने आणावा लागतो.

तोवर तुमचं सांडपाणी कुठे जातं, तेही बघा. देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. शोषखड्ड्यात सोडलेलं वाळूतून विहिरीपर्यंत आणि खाडीपर्यंत पोचतं. कालवं, तिसऱ्या पाणी गाळूनच पोट भरतात, त्यामुळे पाण्यातले रोगजंतू त्यांच्यात साठतात, आणि त्याच तिसऱ्या तुम्ही पाहुण्यांच्या ताटात वाढता. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ बघायला येणारा पाहुणा त्याच पाण्यात तोंड घालतो. पोहण्याच्या समुद्राच्या पाण्यासाठी सरकारी निकष १०० मिलीलीटरमध्ये जास्तीत जास्त १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) असा आहे. कच्च्या सांडपाण्यात ते लाखांनी असतात.

रिकाम्या खोल्यांसाठी वीजबिल का भरायचं, ही तक्रार खोटी नाही. एक एचपीचा ब्लोअर दिवसभर चालला तर साधारण १८ ते २४ युनिट खातो. म्हणून पावसाळ्यात टायमरवर तासाला १५ मिनिटं चालवा; खर्च चौथ्या हिश्शावर येतो. घरच्या माणसांचं न्हाणीघर, स्वयंपाकघर प्लांटला जोडलेलं असेल तर जिवाणूंना तेवढं अन्न पुरतं. घर कुलूपबंद ठेवून मुंबईला जाणार असाल तर आधी कळवा, आम्ही येऊन गुळाचं पाणी घालत राहू.

आपल्याकडे लाईट जाते-येते. ब्लोअरचा साधा स्टार्टर लाईट आल्यावर आपोआप चालू होत नाही, हिरवं बटण दाबावंच लागतं. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. आमच्या टायमर पॅनेलमध्ये ही कटकट नाही.

ब्लीचिंग पावडर, ॲसिड हवेच्या टाकीत ओतू नका. क्लोरीन द्यायचं ते शेवटच्या टाकीत, आणि ते पाणी माडांना द्यायचं असेल तर बेताने.

प्लांटच्या देखभालीच्या वार्षिक करारात आमच्या पावसाळ्यातल्या भेटी धरलेल्या आहेत. "काम नसताना कशाला येता?" असं विचारणाऱ्यांनी त्या काढून घेतल्या तरी चालेल, फक्त मग सीझनसाठी प्लांट तयार हवा असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. ऑक्टोबरमध्ये रांग लागते, आणि करारवाल्यांचा नंबर आधी असतो.