रोगजंतूंच्या कानातला बिल्ला : पार्श्वभूमी

माण-खटावच्या गोठ्यांत आता गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो आणि लाळ्या खुरकुताची लस टोचल्याची नोंद त्याच क्रमांकावर होते. ज्या विषाणूसाठी ही लस, त्याला मात्र बिल्ला नसतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोगजंतूंमध्येही मालकाची जनुकीय खूण घालावी, हा विचार ज्या घटनांमुळे बळावला, त्यांतली एक याच रोगाची आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात लाळ्या खुरकूत उद्भवला, तेव्हा सापडलेला विषाणू १९६७ च्या साथीपासून प्रयोगशाळांत जपलेल्या वाणाचा निघाला. जवळच्या पिरब्राइट येथे एकाच आवारातील सरकारी संशोधन संस्था आणि खासगी लसनिर्मिती केंद्र, दोघेही हा वाण वापरत होते, आणि आवारातील सांडपाण्याची जुनी वाहिनी गळकी होती. आवार सापडले, पण तिथले विषाणू एकमेकांशी इतके मिळतेजुळते होते, की केवळ जनुकीय क्रमावरून नेमके दार ठरवता आले नाही.

त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून आलेल्या काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, बीजाणूंनी पाच जणांचा बळी घेतला होता. तो वाण ‘एम्स’ नावाचा. एम्स हे आयोवातले गाव, पण १९८१ मध्ये ज्या गाईपासून तो मिळाला ती टेक्सासची होती. बाटलीवरच्या चिठ्ठीचा भरवसा किती, हे एवढ्यावरूनच कळावे. तपासात हजाराहून अधिक नमुने जमवून, आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनांच्या, म्हणजे जनुकीय बदलांच्या, आधारे फोर्ट डेट्रिक येथील अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या एका चंबूपर्यंत माग काढण्यात आला. तरीही केवळ विज्ञानाच्या बळावर उगमाचा निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही, असे तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नोंदवले.

अशा योगायोगाने घडलेल्या खुणांऐवजी मुद्दाम खूण लिहिता येते, हे २०१० मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या चमूने दाखवले. कृत्रिमरीत्या जोडलेल्या जीवाणूच्या जनुकसंचात त्यांनी संशोधकांची नावे सांकेतिक रूपात कोरली. पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी काळपुळीच्या जीवाणूचा निरुपद्रवी नातलग, म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचा बीटी, घेऊन त्यात बारकोड, म्हणजे ओळख पटवणारे छोटे जनुकीय तुकडे, बसवले.

काळपुळीच्या जीवाणूच्या जनुकसंचात बावन्न लाखांच्या आसपास जनुकीय अक्षरे असल्याने कोपऱ्यात अशी खूण मावते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. लाळ्या खुरकुताच्या विषाणूकडे मात्र जेमतेम साडेआठ हजार अक्षरे असतात, प्रत्येक नकलेत चुका होतात, आणि उपयोगाचा नसलेला तुकडा तो लवकरच टाकून देतो.