ईएमटी किंवा पॅरामेडिक व्हायचंय? प्रवेश घेण्याआधी एवढं वाचा

रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारे ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) आणि पॅरामेडिक आम्ही घडवतो. आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "कोर्स किती महिन्यांचा?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी आम्ही त्यांना सरावाच्या पुतळ्यापाशी गुडघे टेकून बसायला सांगतो आणि दोन मिनिटं छाती दाबायला लावतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान ५ सेंटिमीटर खोल, पण ६ च्या पुढे नाही. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यांनाच जमतं. मग कोपरं वाकायला लागतात, दाब उथळ होतो, आणि करणाऱ्याला वाटत असतं की आपण अजून तितक्याच जोराने दाबतोय. म्हणून सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) देताना दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. आणखी एक चूक जवळजवळ सगळे करतात: दाबून झाल्यावर अंगाचा भार छातीवर तसाच ठेवतात. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, आणि पुढचा दाब वाया जातो.

हे दोन मिनिटांत कळतं. कितीही चांगलं पुस्तक वाचून कळत नाही. आमचं शिकवणं या एका गोष्टीभोवती उभं आहे: डोकं गोंधळलं तरी हात चुकू नयेत, इतका सराव.

ईएमटी आणि पॅरामेडिक यांत फरक काय

ईएमटी श्वासमार्ग मोकळा ठेवतो, ऑक्सिजन देतो, रक्तस्राव थांबवतो, मोडलेलं हाड आधार देऊन बांधतो, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) वापरतो आणि रुग्णाला आणखी इजा न होता गाडीत घेतो. पॅरामेडिक याच्या पुढे जातो. शिरेतून औषधं देणं, ईसीजी वाचणं, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालणं ही कामं त्याच्याकडे येतात. कोणाला नेमकं काय करण्याची परवानगी आहे, हे त्या त्या देशाच्या नियमांवर ठरतं. अमेरिकेत ईएमटीचं शिक्षण १५० तासांच्या पुढेमागे असतं, पॅरामेडिकचं १,००० तासांहून बरंच जास्त. या क्षेत्रात शिक्षण तासांत मोजतात, म्हणून कोर्सची तुलना करतानाही महिने मोजू नका, तास मोजा.

वर्गात नेमकं काय शिकाल

सगळ्यात आधी थांबायला शिकाल. रुग्णाकडे धाव घेण्याआधी जागा बघायची: तुटलेली वायर, गॅसचा वास, अंगावर येणारी वाहनं. मग क्रम: प्रतिसाद, जोरात वाहणारं रक्त, श्वासमार्ग, श्वास, नाडी. हा क्रम आम्ही इतक्या वेळा घोकून घेतो की मुलं कंटाळतात. कंटाळू द्या.

काही गोष्टी मात्र डोळ्यांना शिकवाव्या लागतात. हृदय बंद पडल्यावर माणूस काही वेळ आचके देऊ शकतो. घरचे म्हणतात, "अहो, श्वास चालू आहे!" तो श्वास नव्हे. तिथे वाट पाहिली तर मोलाची मिनिटं जातात.

अंबू बॅगचंही (हाताने दाबून रुग्णाला श्वास देण्याची पिशवी) तसंच. नाडी आहे पण श्वास नाही, अशा प्रौढ रुग्णाला सहा सेकंदांना एकदा हवा द्यायची. घाबरलेला हात दोन-दोन सेकंदांनी पिशवी दाबतो. जादा हवा पोटात जाते, उलटी होते, आणि छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. आम्ही विद्यार्थ्यांना आकडे मोठ्याने म्हणायला लावतो. सुरुवातीला लाज वाटते, नंतर तीच सवय हात आवरते.

आणि बोलणं. पक्षाघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांना "त्रास कधी सुरू झाला?" एवढंच विचारून भागत नाही. "शेवटचं अगदी ठीक कधी पाहिलंत?" असं विचारायचं. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं असेल, तर वेळ मोजायची ती रात्री झोपायला गेल्यापासून. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे या एका उत्तरावर पुढचे उपचार ठरू शकतात.

"मी हुशार नव्हतो, मला जमेल का?"

हा प्रश्न खाली मान घालून विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. १९६७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर तिथे रुग्णांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेलं जायचं. या सेवेत घेतलेले कृष्णवर्णीय तरुण बरेचसे बेरोजगार होते, काहींचं शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेलं होतं. भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफार यांनी त्यांच्यासाठी सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण आखलं. देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांत आज त्यांची गणना होते. प्रवेशाच्या अटी पाळाव्याच लागतात. पण शाळेतले गुण पाहून स्वतःला आधीच बाद करू नका.

रक्त पाहून घेरी येते, असंही काही जण सांगतात. मोकळेपणाने सांगा. बहुतेकांची ही अडचण सरावाने कमी होते, आणि नाहीच झाली तर ते आधी कळलेलं बरं. पाठीचं किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर तेही लपवू नका, कारण जिन्यावरून स्ट्रेचर उतरवणं हे रोजचं काम आहे.

पैसे भरण्याआधी हे विचारा

आम्हालाही विचारा आणि इतरांनाही. प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर आणि रुग्णालयात किती तास मिळतील? एका पुतळ्यामागे किती विद्यार्थी? या प्रमाणपत्रावर नोंदणी किंवा परवान्याची परीक्षा देता येते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. दोन दिवसांचा प्रथमोपचाराचा वर्ग प्रत्येकाने करावा असा आहे, पण तो केल्याने कोणी ईएमटी होत नाही. असं सांगून प्रवेश देणाऱ्यांपासून लांब राहा.

चौकशीला याल तेव्हा सैल कपडे घाला आणि हातातल्या अंगठ्या-कडी घरी ठेवा. पुतळा जमिनीवरच मांडलेला असतो.