यीस्ट औषधाला पुरून उरते ते कसे?

जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांचे कितीतरी गट आहेत. रक्तात शिरलेल्या यीस्टविरुद्ध मात्र मुख्य गट तीनच. यीस्टची पेशी आपल्या पेशीसारखीच केंद्रक असलेली, त्यामुळे तिला मारेल पण आपल्याला बाधणार नाही असे रसायन सापडणे अवघड.

फ्लुकोनॅझोल हे त्यातले सर्वपरिचित औषध. यीस्टच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. एर्गोस्टेरॉल तयार करणारे एक विकर हे औषध अडवते. बहुतेक वेळा त्याने यीस्ट मरत नाही, तिची वाढ तेवढी थांबते. खरी गोम इथेच आहे. जिवंत राहिलेल्या पेशींना बदलायला सवड मिळते.

बदल अनेक प्रकारचे. उत्परिवर्तनाने विकराचा आकार किंचित बदलला की औषध त्याला नीट चिकटत नाही. काही पेशी ते विकरच जास्त बनवतात. काहींच्या पटलातले प्रथिनांचे पंप जोरात चालू लागतात आणि आत आलेले औषध बाहेर फेकतात.

कॅन्डिडा अल्बिकन्सची एक युक्ती तर थक्क करणारी आहे. या यीस्टमध्ये गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर दोन महत्त्वाची जनुके आहेत: एक त्या विकराचे, दुसरे पंपांना चालना देणारे. काही औषधरोधक वाणांमध्ये ही भुजा दुप्पट होऊन तिचे एक जादा गुणसूत्रच तयार झालेले असते, असे 2006 साली दिसून आले. एका फटक्यात दोन्ही कामे! जिवाणू अशी जनुके शेजाऱ्यांकडूनही मिळवतात. यीस्ट बहुधा घरच्याच भांडवलावर भागवते. जादा गुणसूत्र बाळगणे पेशीला जड जाते, म्हणून औषध बंद झाल्यावर ते गळूनही पडू शकते.

कॅन्डिडा ऑरिसने तर डॉक्टरांची झोपच उडवली. 2009 मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या या यीस्टचे वर्णन झाले. तिच्या बहुतेक वाणांवर फ्लुकोनॅझोल चालत नाही. काही वाण तिन्ही गटांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या यादीत तिला सर्वाधिक प्राधान्याच्या गटात ठेवले.

तीन गटांपैकी दुसऱ्या एका गटातल्या ॲम्फोटेरिसिन बी या जुन्या औषधाला रोध तुलनेने कमी दिसतो. ते थेट एर्गोस्टेरॉललाच धरते, आणि तो पदार्थ सोडून दिलेली यीस्ट सहसा दुबळी होते. पण हे औषध मूत्रपिंडांना त्रास देते, त्यामुळे ते जपूनच वापरावे लागते.